सिंगापूरहून पलीकडे बोटीनं जायचंय? आधी दोन्ही काठ बघा

माझं माहेर कोथळी. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा आणि वारणा भेटतात, तिथं पाण्याच्या पलीकडं. मी शाळेत होते तेव्हा सांगलीला यायचं म्हणजे नावेत बसायचं. नदी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं पुरायची. पण पावसाळ्यात पाण्याला ओढ आली की नावाडी नेहमीच्या घाटाला नाव लावू शकायचा नाही. खाली जिथं जमेल तिथं काठाला टेकवायचा, आणि मग चपला हातात घेऊन काळ्या चिखलातून अर्धा तास तुडवत यायचं. शाळा बुडायची ती त्या चिखलामुळं. वडील सांगायचे, "नाव कुठलीबी असू दे पोरी, उतरायचं कुठं ते आधी इचार."

हे मला साठी उलटल्यावर सिंगापुरात आठवलं, आणि तेही एक चूक करून बसल्यावर. ती चूक तुम्ही करू नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमचा मुलगा आणि सूनबाई सिंगापूरला बेडोक भागात राहतात. सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड, सातारा इथले कितीतरी आईवडील आता असे महिना-महिनाभर तिकडं जातात. पहिले दहा दिवस फिरण्यात जातात. मग मुलं ऑफिसला आणि आपण अकराव्या मजल्यावर. तेव्हा कुणीतरी सुचवतं, "बोटीनं बातमला जाऊन या की, तासाभराचं तर अंतर." ते खरं आहे. बातम हे इंडोनेशियाचं बेट, सिंगापूरपासून जवळात जवळ वीसेक किलोमीटर. त्याच्या पूर्वेला बिंतान हे दुसरं मोठं बेट. दोन्हीकडं दिवसभर बोटी जात असतात. पण "बातमची बोट" अशी एकच बोट नाही. सिंगापुरात निघण्याच्या दोन जागा आहेत आणि पलीकडं उतरण्याच्या निदान सहा. यातली कुठली जोडी धरायची, सगळं त्यावर आहे.

आम्ही काय केलं ते सांगते. आम्ही तिघं होतो: मी, आमचे हे, आणि तासगावहून आलेल्या वन्सं. बातमच्या नोंग्सा भागात समुद्राकाठचं एक हॉटेल मुलानं आधीच ठरवून दिलं होतं. बोटीचं तिकीट मी काढते म्हटलं. फोनवर सगळे दर लावून बघितले आणि चार डॉलर स्वस्त पडलं म्हणून हार्बरफ्रंट ते सेकुपांग असं तिकीट घेतलं. सेकुपांगची बोट वेळेलाही कमी, पाऊण तासाची. मला वाटलं, उत्तम निवड झाली.

बेडोक सिंगापूरच्या पूर्वेला आणि हार्बरफ्रंट दक्षिणेला. मेट्रोनं आउट्रम पार्कला जायचं, तिथं गाडी बदलायची, मग पुढचं स्टेशन हार्बरफ्रंट. गाडी बदलताना सरकते जिने चढा-उतरा आणि लांबच लांब बोगद्यातून चाला. ह्यांचा उजवा गुडघा दुखरा. बोटीत बसायच्या आधीच ते दमले. पलीकडं उतरलो तर सेकुपांग बातमच्या पश्चिम अंगाला आणि नोंग्सा पार ईशान्येच्या टोकाला. टॅक्सीत तासाभराजवळ गेला आणि वाचवलेल्या चार डॉलरच्या कितीतरी पट भाडं गेलं. हॉटेलात पोचलो तेव्हा वन्सं खोलीत जाऊन आडव्या झाल्या त्या संध्याकाळीच उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या बाहेर फिरायला गेले तर चालत जाण्याच्या अंतरावर नोंग्सापुराचा धक्का, आणि तिथं बोट लागलेली. कुठून आली विचारलं तर म्हणे तानाह मेराहून. तानाह मेरा म्हणजे आमच्या मुलाच्या घरापासून टॅक्सीनं पंधरा मिनिटं.

तेव्हापासून मी आधी कागद घेते आणि दोन ओळी लिहिते. सिंगापुरात रात्री कुठं झोपणार? पलीकडं रात्री कुठं झोपणार, किंवा दिवसाचंच जाणं असेल तर दिवस कुठं घालवणार? हे लिहून झाल्याशिवाय बोटीचे दर उघडतच नाही. पाण्यावरचा वेळ बहुतेक मार्गांवर पाऊण ते एक तासच असतो. दिवस जातो तो काठांवर.

आता सिंगापूरच्या बाजूचं बघू. हार्बरफ्रंट मेट्रो स्टेशनला लागूनच आहे, व्हिवोसिटी नावाच्या मोठ्या मॉलच्या शेजारी. पाऊस असो ऊन असो, बाहेर न पडता धक्क्यापर्यंत जाता येतं. शहराच्या मध्यभागी, लिटल इंडियाच्या बाजूला किंवा पश्चिमेला राहणाऱ्यांनी हाच धक्का धरावा. लिटल इंडियातून तर एकच गाडी थेट जाते. बोटीही इथूनच सर्वांत जास्त. तिथल्या इमारतीची पुनर्बांधणी ठरलेली आहे, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तिकिटावरची जागा नीट वाचून घ्यावी.

तानाह मेरा फेरी टर्मिनल पूर्वेला, चांगी विमानतळाच्या अंगाला. बेडोक, टॅम्पिनीस, पासिर रिस भागात मुलं राहत असतील तर हे जवळ. पण इथं एक मोठा घोळ होतो आणि तो आमचाही झाला. तानाह मेरा नावाचं मेट्रो स्टेशनही आहे, बेडोकच्या शेजारचंच. दुसऱ्या खेपेला आम्ही मोठ्या उत्साहानं एक स्टेशन पुढं जाऊन तिथं उतरलो. बाहेर आलो तर समुद्राचा पत्ता नाही, नुसत्या इमारती आणि रस्ता. एका बाईंना तिकीट दाखवलं, त्यांनी मान हलवली आणि टॅक्सी थांबवून दिली. धक्का तिथून काही किलोमीटर लांब आहे. बेडोकहून ३५ नंबरची बस थेट टर्मिनलला जाते, नाहीतर घरातूनच टॅक्सी करावी. ज्येष्ठांनी टॅक्सीच करावी असं माझं मत आहे. तिघा-चौघांत ती जड जात नाही.

पलीकडच्या बाजूला बातमवर चार धक्के लक्षात ठेवा. बातम सेंटर सगळ्यांत वर्दळीचा. बाहेर आलं की वरच्या पुलावरून थेट मेगा मॉलमध्ये जाता येतं, त्यामुळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यांना आणि ज्यांना फार चालवत नाही त्यांना तोच सोयीचा. हार्बर बे हा नागोया बाजाराच्या जवळ. खरेदी आणि मासे खाणाऱ्यांसाठी. सेकुपांग पश्चिमेकडं काम असेल तरच. नोंग्सापुरा समुद्रकाठच्या हॉटेलांसाठी. तिथली बोट तानाह मेराहून सुटते आणि फेऱ्या बातम सेंटरपेक्षा बऱ्याच कमी.

बिंतानला मात्र फारच जपून. तिथं दोन धक्के आहेत आणि तिकिटांच्या जाहिरातीत दोन्हीला "बिंतान" म्हणतात. एक उत्तरेला लागोई भागात, बांदार बेंतान तेलानी नावाचा. आजूबाजूला सगळी पर्यटकांची हॉटेलं. दुसरा तांजुंग पिनांगचा, म्हणजे खऱ्या गावाचा. दोघांत गाडीनं सव्वा-दीड तासाचं अंतर. लागोईतल्या हॉटेलचं आरक्षण आणि तांजुंग पिनांगचं तिकीट, अशी गफलत झालेली माणसं मी धक्क्यावर डोक्याला हात लावून बसलेली पाहिली आहेत.

काठ ठरले. आता कागदपत्रं, आणि हा भाग तिकिटाच्या आधी करायचा. इंडोनेशियात भारतीय पासपोर्टवर उतरल्यावर व्हिसा मिळतो. शुल्क पाच लाख रुपिया. आकडा ऐकून घाबरू नका, आपले साधारण अडीच-तीन हजार रुपये होतात. तीस दिवस राहता येतं. हाच व्हिसा घरी बसून ऑनलाइनही काढता येतो आणि मी तो ऑनलाइनच काढा म्हणेन, कारण उतरल्यावर एक रांग वाचते, आणि दुखऱ्या गुडघ्याला एक रांग म्हणजे पुष्कळ असतं. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी. इंडोनेशियाचं आगमनाचं पत्रक आधी ऑनलाइन भरायचं असतं, त्याला पैसे नाहीत.

पण खरी काळजी जाण्याची नसते, परत येण्याची असते. बोटीनं परत येताना तुम्ही सिंगापुरात नव्यानं प्रवेश करता. तुमच्या सिंगापूरच्या व्हिसावर अनेक वेळा प्रवेशाची परवानगी आहे का, हे सांगलीत असतानाच बघा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बातमला पाऊल टाकलं की परतीचा दरवाजा बंद. सिंगापूरचं आगमनाचं पत्रकही परतताना पुन्हा भरावं लागतं, येण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. तेही फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या नकली साइट पुष्कळ आहेत, तेव्हा सरकारीच साइट उघडा, नाहीतर मुलाला समोर बसवून भरून घ्या. आणि परत आल्यावर किती दिवस राहायची मुभा मिळाली त्याचा मेल येतो, त्यातली तारीख वाचा. पहिल्या खेपेला तीस दिवस मिळाले म्हणून दुसऱ्या खेपेलाही तेवढेच मिळतील असं धरू नये. ते दर वेळी अधिकारी नव्यानं ठरवतात.

तंबाखूचं इथंच सांगून टाकते, कारण आपल्या भागातल्या माणसांना हे सांगायलाच हवं. सिंगापुरात खायची तंबाखू, मावा, गुटखा नेणं गुन्हा आहे. खिशात राहिलेली एक पुडीसुद्धा चालत नाही. च्युइंगमही नको. बातमहून स्वस्त सिगारेट किंवा दारू आणायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. सिगारेटवर कसलीच सूट नाही, आणि दारूची सूट निदान अठ्ठेचाळीस तास बाहेर राहिलेल्यांनाच मिळते.

आता माणसांकडं येऊ. मार्ग निवडताना आपल्यातलं सगळ्यांत नाजूक माणूस कोण ते आधी ठरवा आणि त्याच्या सोयीनं मार्ग धरा. आमच्यात गुडघा ह्यांचा आणि पोट वन्संचं. धक्क्यावरून बोटीत जायला उताराचा पूल असतो. तो पाण्याच्या भरती-ओहोटीनं कधी सपाट, कधी चांगलाच उतरता असतो, आणि शेवटच्या पावलाला बोट हलत असते. तिथं खलाशी हात देतात. तो हात धरायला लाजू नका. सामान एका हातात मावेल एवढंच घ्या, म्हणजे दुसरा हात मोकळा राहतो. चाकाची खुर्ची लागणार असेल तर तिकीट काढतानाच कळवून ठेवा.

पोटाचं म्हणाल तर सिंगापूरची सामुद्रधुनी एरवी शांतच असते, कारण दोन्ही बाजूंना जमीन आहे. जगातल्या सर्वांत वर्दळीच्या जलमार्गांपैकी हा एक. खिडकीतून बघावं तर कंटेनरनं लादलेली जहाजं एकामागं एक नांगर टाकून उभी, एकेक जहाज आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीपेक्षा लांब. त्यांच्या लाटांनी आपली बोट थोडी उचलते, तेवढंच. पण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येचं वारं असतं आणि तेव्हा बिंतानच्या उत्तरेकडं, लागोईच्या बाजूला, समुद्र खवळलेला असतो. ती बाजू उघड्या दक्षिण चीन समुद्राकडं आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी या महिन्यांत बातमच धरावं. जून ते सप्टेंबर या काळात कधी कधी पहाटे-सकाळी सुमात्राकडून वारा-पावसाची झोड येते. ती तासा-दोन तासांत ओसरते, तेव्हा त्या दिवसांत सकाळची अगदी पहिली बोट न घेता दहाच्या सुमाराची घ्यावी.

बसायचं खालच्या मजल्यावर, मध्यापासून मागं. पुढच्या बाजूला बोट सगळ्यांत जास्त आपटते, आणि लोक नेमके समोरच्या खिडकीसाठी तिकडंच धावतात. वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, पाण्याचं मला काही वाटत नाही, त्या डिझेलच्या वासानं कसंतरी होतंय." म्हणून इंजिनाच्या दाराजवळची जागाही टाळायची. आम्ही आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवल्या होत्या. एसटीत लागतं म्हणून आपण जी गोळी घेतो ती बोटीतही चालते, पण निघायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायला हवी, आणि तिनं गुंगी येते. रक्तदाबाची किंवा लघवीची औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

घड्याळाचंही एक आहे. बातम आणि बिंतान सिंगापूरच्या एक तास मागं. तिकिटावर ज्या त्या धक्क्याची स्थानिक वेळ असते. किनाऱ्यावर फोन कधी सिंगापूरचं नेटवर्क पकडतो, कधी इंडोनेशियाचं, आणि त्याप्रमाणं वेळही बदलत राहतो. ह्यांनी हातातलं घड्याळ पलीकडं उतरल्या उतरल्या मागं केलं आणि आम्ही फक्त त्याच घड्याळावर चाललो. सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर हजर राहा, शनिवार-रविवारी दीड तास. शुक्रवारी संध्याकाळी सगळं सिंगापूर बातमला निघतं आणि रविवारी संध्याकाळी परत येतं. आपण निवृत्त माणसं, मंगळवार-बुधवार धरावा. चिनी नववर्ष आणि ईद यांच्या आसपास जाऊच नये.

पैशांचं थोडक्यात. तिकिटाच्या दरात धक्क्याचं शुल्क आणि इंधनाचा आकार धरलेला आहे का ते बघा, नाहीतर स्वस्त दिसणारं शेवटी महाग निघतं. जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट स्वस्त पडतं. परतीची वेळ उघडी ठेवता येणारं तिकीट मिळालं तर तेच घ्या, पण मग परतीची जागा आदल्या दिवशी पक्की करा. आणि परत ज्या धक्क्यावरून यायचं तो धक्का, ती कंपनी तिकिटावर तपासा. एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या बोटीला चालत नाही.

खाण्याचा प्रश्न शाकाहारी घरांत पहिला येतो. तिकडं भाजीतही वाटलेल्या सुक्या कोळंबीचा गोळा घालतात, त्याला तेरासी म्हणतात. दिसत नाही, पण चटणीत आणि परतलेल्या पालेभाजीत हमखास असतो. तेव्हा नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. मी कागदावर लिहून नेलं होतं: "साया वेजेतारियान. तिदाक माकान दागिंग, इकान, उदांग, तेलुर. तानपा तेरासी." म्हणजे मी शाकाहारी आहे, मटण, मासे, कोळंबी, अंडं खात नाही, तेरासी नको. कागद दाखवला की लोक हसून मान डोलावतात आणि खरंच जपतात. तेम्पे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, ती तळून फार छान लागते, पोटही भरतं. बातम सेंटरपासून थोड्याच अंतरावर मैत्रेय बुद्धाचं मोठं मंदिर आहे, महाविहार दुता मैत्रेया. तिथं पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं. मंदिरही शांत, बसायला जागा भरपूर. घरून आम्ही भडंग आणि दशम्या नेल्या होत्या. बोटीतला तो पाऊण तास भडंगावर निघाला.

आता मला मनापासून आवडलेला मार्ग. तानाह मेरा ते तांजुंग पिनांग. इथं पाण्यावरचा वेळ जास्त, जवळजवळ दोन तास, आणि दिवसाला फेऱ्या मोजक्याच. म्हणून लोक हा मार्ग सोडून देतात. पण ज्यांना मॉल नको, गाव बघायचंय, त्यांनी हाच धरावा, आणि एक रात्र राहायचं ठरवूनच जावं. एका दिवसात जाऊन येणं म्हणजे नुसती दगदग. पिनांग म्हणजे सुपारी. तांजुंग म्हणजे जमिनीचं पुढं आलेलं टोक. सुपारीचं टोक. हे कळल्यावर वन्सं ताबडतोब म्हणाल्या, "मग मी चंची आणली ते बरं केलं." सुपारी तेवढी होती, तंबाखू मी सांगलीतच काढून ठेवली होती.

मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्या गावात पाट्या वाचत फिरणं मला पुरेसं होतं. भाषेला ते 'बहासा' म्हणतात, नावाला 'नामा', पत्नीला 'इस्त्री', डोक्याला 'कपाला'. कपाळच ते. आणि या भाषेचं व्याकरण एकोणिसाव्या शतकात ज्यांनी लिहिलं ते राजा अली हाजी तांजुंग पिनांगच्या समोरच्या पेन्येंगात नावाच्या छोट्या बेटावर राहायचे. त्यांची कबरही तिथंच आहे. कवी आणि व्याकरणकार. इंडोनेशियानं २००४ मध्ये त्यांना राष्ट्रीय वीराचा मान दिला. आपल्याकडं दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, त्यांच्या नावानं कुणी बोटीत बसून दर्शनाला जातं का, असं मनात आलं आणि वाईट वाटलं. त्या कबरीपाशी शाळेची मुलं रांगेनं उभी होती. हे पूर्ण बेट सुलतान महमूद यांनी आपली राणी राजा हमीदा हिला लग्नात दिलेलं. पिवळ्या रंगाची मशीद आहे, १८३२ मधली. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक घालून बांधली असं तिथली माणसं अभिमानानं सांगतात. अंग झाकेल असे कपडे आणि डोक्यावर पदर घेऊन जा. रिक्षासारखी तीन चाकी गाडी मिळते, तिच्यातून सगळं बेट गुडघ्याला त्रास न होता बघून होतं.

पेन्येंगातला जायला मोठी बोट नाही. तांजुंग पिनांगच्या धक्क्याजवळून लाकडी नावा सुटतात, पोंपोंग म्हणतात त्यांना, इंजिनाच्या आवाजावरून. पंधरा मिनिटांचं पाणी. दोन्ही बाजूंना फळ्या, वर छप्पर, मध्ये पाय ठेवायला जागा. पाऊल ठेवलं तशी ती माझ्या हरिपूरच्या नावेसारखीच एका अंगाला झुकली आणि सावरली. चौदा-पंधरा माणसं झाली तरी नावाडी आणखी दोघांना हाक मारत होता.

मी खाली उतरले. ह्यांना आणि वन्संनाही उतरवलं. २०१९ च्या महापुरात आमच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. पुरातून सुटण्यासाठी चढलेली माणसं त्यात गेली. त्या आठवड्यात आम्ही वरच्या मजल्यावर पाण्यानं वेढलेले होतो आणि बातमी फोनवर आली होती. तेव्हापासून भरलेल्या नावेत मी बसत नाही, अंगावर जॅकेट असल्याशिवाय तर नाहीच. नावाड्याला हातानं खूण करून दाखवलं. तो रागावला नाही. छपराखाली खोचलेली नारिंगी जॅकेटं त्यानं काढून दिली, पट्टे स्वतः बांधून दाखवले. आम्ही पुढच्या नावेत बसलो, तिच्यात नऊ माणसं होती. पूर्ण नाव करून घ्यायची असेल तरी थोडे जास्त पैसे देऊन ती मिळते. ज्येष्ठांबरोबर असाल तर तशीच घ्या. मोठ्या बोटीतही बसल्या बसल्या जॅकेट कुठल्या सीटखाली आहे आणि बाहेर पडायचं दार कुठल्या बाजूला आहे ते एकदा बघून ठेवावं. एक मिनिट लागतं.

तांजुंग पिनांगहून परतताना शेवटच्या बोटीचा भरवसा धरू नका, तिच्या आधीची घ्या. फेऱ्या थोड्या असल्यानं एक चुकली की रात्र तिथंच काढावी लागते. आम्ही जेवून दुपारच्या बोटीला बसलो. वन्संनी खालच्या मजल्यावर, मधल्या रांगेत, इंजिनापासून लांब अशी जागा स्वतःच शोधली आणि आलेपाक तोंडात टाकून डोळे मिटले. तानाह मेराला उतरून सिंगापूरची तपासणी उरकली, आणि बाहेर येऊन सरळ टॅक्सीच्या रांगेत उभे राहिलो. मुलगा ऑफिसातून यायच्या आत घरी पोचून मी कुकर लावला होता.